पाच मिनिटांच्या मागेपुढे

क्षयरोगाची औषधं सुरू झाली की लघवीचा रंग बदलतो. चांगली केशरी होते. रिफाम्पिसिन नावाच्या औषधाचा तो रंग. घामाला, डोळ्यांतल्या पाण्यालाही कधीकधी त्याची छटा येते. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. औषध पोटात जातंय, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरांना ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते की कधीकधी सांगायचीच राहून जाते. पण ज्याला कुणी सांगितलेलं नाही, त्याची दुसऱ्या दिवशीची सकाळ डोळ्यांपुढे आणून बघा. भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात काम करणारा माणूस. गाव उत्तर प्रदेशात, नाहीतर तेलंगणात. एका खोलीत आठ-दहा जण राहणारे. पहाटे सार्वजनिक संडासात तो खाली बघतो आणि त्याला वाटतं, रक्त जातंय. विचारणार कुणाला? खोलीत क्षयाचं नाव काढलं तर झोपायची जागा जाईल ही धास्ती. तो गोळ्या बंद करतो. कुणाला न सांगता.

म्हणून आमच्या भागातल्या एक आरोग्यसेविका गोळ्यांचं पाकीट हातात ठेवताना पहिलं वाक्य तेच बोलतात. "कल पेशाब नारंगी आएगा. डरना नहीं. दवाई का रंग है." खोकला, वजन, खाणंपिणं, सहा महिन्यांचा हिशोब, हे सगळं त्याच्यानंतर. मी एकदा त्यांना विचारलं, की ताई, हेच आधी का? त्या म्हणाल्या, "बाकीचं विसरला तर मी परत सांगीन. पण हे विसरला, तर तो परत यायचाच नाही."

मला हे फार मोलाचं वाटतं. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले २ महिने ४ औषधं, पुढचे ४ महिने ३. पंधरा-वीस दिवसांत खोकला कमी होतो, भूक लागायला लागते, आणि बरं वाटलं म्हणून पुष्कळजण गोळ्या सोडतात. सोडल्या की आजार उलटतो, आणि मग कधीकधी नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. हे कागदावर सगळ्यांना ठाऊक आहे. ताई त्यापुढे एक पाऊल जातात. हा माणूस इथून बाहेर पडल्यावर कुठे जाईल, कुणाबरोबर राहील, त्याला कशाची भीती वाटेल, हे त्या मनात आधीच बघून ठेवतात. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला पैसे येतात, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये. त्याबद्दल सांगतानाही त्या विचारतात, "खातं गावाकडचं आहे का? चालू आहे ना? पैसे काढतो कोण?" कारण पासबुक गावी वडिलांकडे असलं, तर त्या पैशांची अंडी भिवंडीत त्याच्या ताटात येत नाहीत.

दवाखान्याची खिडकी असो, बँकेचा काउंटर असो की शाळेचं ऑफिस, समोर आलेला माणूस आपल्या वाट्याला येतो तो जेमतेम पाच मिनिटं. आपल्याला तेवढाच दिसतो. पण तो त्या पाच मिनिटांच्या आधी कुठेतरी होता, आणि नंतरही कुठेतरी जाणार आहे. आपण कुणी वाईट माणसं नाही. समोरच्याचं भलं व्हावं असंच आपल्याला वाटतं. फक्त कामाच्या घाईत आपली नजर त्या पाच मिनिटांच्या बाहेर जात नाही. ती थोडी मागे, थोडी पुढे नेणं ही सवय आहे, आणि सवय लावता येते.

आधी मागे बघण्याचं सांगतो, कारण भिवंडीत त्याची गरज पावलोपावली दिसते.

यंत्रमागाचा कारखाना ज्याने आतून पाहिलाय त्याला तो आवाज वेगळा सांगायला नको. दोन मागांच्या मधे एक माणूस जेमतेम मावेल एवढी वाट. धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो, आणि प्रत्येक फेकीला आदळआपट. असे कितीतरी माग एका छताखाली. आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. पाळी बहुतेक ठिकाणी बारा तासांची. आत बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडायचं, नाहीतर हातवारे करायचे. जुने कामगार एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. आपल्या कानाच्या आतल्या भागात केसांसारख्या बारीक पेशी असतात. वर्षानुवर्षं असा मारा झाला की त्या मरतात, आणि मेलेल्या पुन्हा येत नाहीत. पहिल्या जातात त्या उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या. म्हणजे स, श, फ अशी अक्षरं. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज. अशा माणसाला आवाज येतो, पण बोलणं नीट कळत नाही. "साठ" म्हटलं तर त्याला "आठ" ऐकू जातं.

आता हा माणूस रात्रपाळी संपवून सकाळी एका दवाखान्यात येतो. झोपला नाही, कारण झोपला तर ओपीडी चुकते, आणि दिवसपाळी असताना आला तर खाडा पडतो. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर, म्हणजे खाडा झाला की पैसे बुडाले. काचेपलीकडे सिस्टर, तोंडावर मास्क, वर पंख्याची घरघर. नंबर पुकारला जातो साठ. याच्या हातात आठचा कागद. तो उठून पुढे येतो. त्याला मागे पाठवतात. तो विचारतो, "क्या बोला?" आणि हे विचारणं ओरडल्यासारखं होतं, कारण जो बारा तास ओरडूनच बोललाय त्याचा आवाज एकदम खाली कसा येणार? शिवाय स्वतःचा आवाज किती चढलाय हे त्याचं त्यालाही कळत नाही. सिस्टर म्हणतात, "ओरडताय कशाला?" रांगेतले लोक बघायला लागतात. तो ओशाळतो, मग चिडतो. सिस्टरही दुखावतात. दोघंही सकाळपासून राबतायत, दोघांच्याही मनात वावगं काही नाही, आणि तरी दोघांचा दिवस नासतो.

इथे दयाळूपणा कमी पडला असं मी म्हणणार नाही. कमी पडली ती एक माहिती, की हा लूमवरचा आहे. त्याच्या अंगावरच्या कपड्यांवर सुताचा कापूस चिकटलेला असतो. केसांत, भुवयांत पांढरं दिसतं. ते एकदा नजरेत भरलं की पुढचं आपोआप सुचतं. आवाज चढवायचा नाही, कारण चढवलेला आवाज त्याला आणखी फाटका ऐकू येतो. बोलणं सावकाश करायचं. उजेड आपल्या तोंडावर पडेल असं उभं राहायचं. मास्क काढता येत नसेल तर आकडा कागदावर लिहून दाखवायचा, गोळी दाखवायची, सूर्य उगवण्या-मावळण्याची खूण हाताने करायची. आणि शेवटी त्यालाच विचारायचं, "आता तुम्ही सांगा बरं, गोळी कधी घेणार?" त्याने बरोबर सांगितलं म्हणजे काम झालं. या सगळ्याला दीड-दोन मिनिटं जास्त लागतात. भांडणाला यापेक्षा जास्त लागतात.

भिवंडीच्या इंदिरा गांधी उपजिल्हा रुग्णालयात किंवा गल्लीतल्या कुठल्याही दवाखान्यात अर्धा तास बसलात तर मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा कानावर पडतात. आगरी घरातली आजी "पोटान दुखतं" म्हणते, आझमगढचा मुलगा "पेट में मरोड़" म्हणतो. इतक्या ठिकाणांहून आलेल्या लोकांच्या गावात मागचं विचारल्याशिवाय पुढचं औषध देता येत नाही. चांगले डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो "काय होतंय?" आणि दुसरा, "काम काय करता?" हा दुसरा प्रश्न मला फार आवडतो. त्यात रोगाचं कारण बऱ्याचदा सापडतं, आणि माणसाला आपली दखल घेतल्यासारखं वाटतं ते वेगळंच.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली, आणि असाच मागचं विचारणारा प्रश्न त्यांनी एका माणसाऐवजी तिथल्या अख्ख्या आदिवासी समाजाला विचारला. तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरं अशी आली की कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात मिळाली नसती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. नातेवाइकांना बाहेर काढतात. आणि डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे बघून धडकी भरते, कारण आमच्याकडे पांढऱ्यात मेलेल्याला गुंडाळतात. मग तिथलं रुग्णालय गोंड पाड्यासारखं, छोट्या छोट्या झोपड्यांचं झालं, नातेवाईक रुग्णाजवळ राहू लागले, आणि रुग्णालयाला नाव मिळालं त्यांच्याच देवीचं, माँ दंतेश्वरी. शहाण्या डॉक्टरांनी लोकांना समजवायला जाण्याऐवजी आधी लोकांकडून समजून घेतलं. त्या पांढऱ्या कपड्यांची गोष्ट मी जेव्हा जेव्हा आठवतो, तेव्हा वाटतं, आपण स्वच्छतेची खूण म्हणून जे अंगावर घालतो त्यात दुसऱ्याला मरण दिसत असेल, हे न विचारता कसं कळलं असतं?

पुढचं बघण्याची सवय मला भिवंडीतच जून २०२० मध्ये दिसली. कोरोनाचे दिवस. खाटा भरलेल्या. "जागा नाही" हे ऐकून माणूस परत फिरायचा. ते सांगणाऱ्याचं काम तिथे संपायचं, रुग्णाचं मात्र तिथून पुढे सगळं सुरू व्हायचं. जागा नाही म्हटल्यावर तो जाणार कुठे? घरीच. आणि घरी श्वास लागला तर? शांतीनगरच्या मक्का मशिदीत तेव्हा ऑक्सिजनच्या सोयीसह मोफत खाटा लावल्या गेल्या, आणि ज्यांना घरीच राहणं भाग होतं त्यांच्या घरापर्यंत सिलिंडर पोचवले गेले. ज्याच्या छातीत हवा मावत नाही त्याचा पुढचा तास कुणीतरी डोळ्यांपुढे आणला, आणि मग सिलिंडर जिना चढून वर गेला.

वेळ येण्याआधीच पुढचं बघण्याचं आणखी एक उदाहरण इथलंच. या गावाने मे १९८४ ची दंगल भोगलेली आहे, त्याआधी १९७० चीही. १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त म्हणून इथे आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात हिंदू-मुसलमान दोन्हीकडची साधी माणसं आणि भागातले पोलीस असायचे. बैठका व्हायच्या त्या दंगल नसताना. नळाचं भांडण, घराचं भाडं, मुलांची मारामारी, असल्या बारीकसारीक गोष्टी तिथे बोलल्या जायच्या. डिसेंबर १९९२ नंतर मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली, आणि त्याचं मोठं श्रेय या समित्यांना दिलं जातं. एरवी एकमेकांच्या घरी चहा प्यायलेली माणसं वाईट रात्री एकमेकांशी बोलू शकली. पोलिसाच्या सेवेतही 'आधी' नावाची वेळ असते, हे मला त्यातून फार लख्ख कळलं.

आता भिवंडीत मागांच्या जोडीला गोदामंही झालीत. माणकोली, दापोडे, पूर्णा, जिकडे बघाल तिकडे. मुंबई-ठाण्याच्या घरांत येणाऱ्या कितीतरी खोक्यांचा प्रवास इथून निघतो. खोकं घेऊन दारात उभा राहिलेला मुलगाही आपल्याला अर्धं मिनिटच दिसतो. त्याला लिफ्ट बंद असल्याचं फोनवर आधीच सांगितलं तर तो सामान खालीच ठेवायचं की वर आणायचं ते ठरवू शकतो. एवढंच.

घरात मात्र ही सवय सगळ्यात अवघड जाते. बाहेरच्याचं मागचं आपल्याला माहीत नसतं म्हणून आपण विचारतो तरी. घरच्याचं सगळं माहीत आहे असं गृहीत धरतो. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला आधी गूळ-पाणी द्यायची रीत होती. का आलात, किती दिवस राहणार, हे नंतर. त्या रीतीत मोठं शहाणपण होतं, येणाऱ्याला वाटेवरून घरात पोचायला थोडा वेळ मिळायचा. आज नवरा किंवा बायको कामावरून येते, चप्पल काढायच्या आत आपण लाइट बिल आणि मुलाच्या शाळेतली तक्रार पुढे करतो. उत्तर तुटक येतं. आणि आपण त्या तुटकपणाचा अर्थ आपल्याशी जोडतो. खरं तर ते उत्तर कल्याण नाक्यावर तासभर अडकलेल्या रिक्षातून आलेलं असतं. वीस मिनिटांनी तोच प्रश्न विचारला, तर तेच माणूस आपल्याशी बसून बिलाचा हिशोब करतं. सासूबाई दोनदा "काय?" म्हणाल्या तर त्यांना स्वयंपाकघरातून ओरडून सांगण्यापेक्षा चार पावलं चालून त्यांच्यासमोर जावं. मूल शाळेतून येऊन दप्तर आपटतं तेव्हा दप्तराबद्दल नंतर बोलावं, डबा खाल्ला का ते आधी बघावं. भरलेला डबा परत आला असेल तर शाळेत काय झालं याची अर्धी गोष्ट त्यातच असते.

आणि हे सगळं एकाच बाजूने करायचं नाही. खिडकीच्या आत बसलेल्या माणसालाही मागचे बारा तास असतात. रात्रपाळीच्या सिस्टर सकाळी आठला पाळी सोपवतात तेव्हा त्यांच्या हातात कितीतरी रुग्णांचे कागद असतात. कुणाचं सलाईन, कुणाचं रक्त, कुणाचं रात्री तीनला गेलेलं माणूस. त्याच वेळी एका रुग्णाचे पाच नातेवाईक येतात आणि पाचही जण तोच प्रश्न पाचदा विचारतात. प्रत्येकाची काळजी खरीच असते. पण सिस्टरना उत्तर पाचदा द्यावं लागतं, आणि पाचव्याला ते तुटक मिळतं. मग तो बाहेर येऊन सांगतो, "सिस्टर नीट बोलत नाहीत." घरातल्यांनी आधी ठरवावं, की दवाखान्यात बोलायचं ते एकानेच. त्याने वहीत प्रश्न लिहून न्यावेत, पाळी बदलायची वेळ सोडून जावं, आणि उत्तर लिहून आणून बाकीच्यांना सांगावं. जाताना "सिस्टर, रात्रभर तुम्ही होतात ना?" एवढं म्हटलं तरी पुष्कळ. आमच्या ओळखीच्या एका घराने वडील दवाखान्यात होते तेव्हा असंच केलं. धाकटी सून वही घेऊन जायची. चौथ्या दिवशी सिस्टरनीच तिला बाजूला बोलावून घरी जखमेची पट्टी कशी बदलायची ते स्वतः करून दाखवलं, आणि मग तिच्याकडून करून घेतलं.